घरचा घास, राज्याची मुभा

न्यू जर्सी राज्यातील एडिसन, आयझेलिन या भागांत आश्विन सरत आला म्हणजे कित्येक मराठी घरांतून बेसन भाजल्याचा खमंग वास बाहेर पडू लागतो. आणि ज्या घरच्या बाईच्या चकलीला काटा सुरेख उठतो, जिचा अनारसा तुपात हसत नाही, तिच्याकडे आधी मैत्रिणींची, मग मैत्रिणींच्या मैत्रिणींची आणि अखेरीस तोंडओळखही नसलेल्या माणसांची मागणी येऊ लागते. पहिल्या वर्षी केवळ प्रेमाखातर दिलेल्या डब्याबद्दल दुसऱ्या वर्षी कोणी संकोचाने सामानाचे पैसे देऊ करते, तिसऱ्या वर्षी भाव ठरतो, आणि असा एक लहानसा व्यवसाय उभा राहतो की, ज्याचा आरंभ नेमका कोणत्या दिवशी झाला हे त्या बाईला स्वतःलाही सांगता येऊ नये. तिने कोणाला फसवलेले नसते, कशात भेसळ केलेली नसते, आपल्या मुलांच्या ताटात जे वाढावे तेच तिने दुसऱ्यांना दिलेले असते. आणि तरीही २०२१ सालच्या ऑक्टोबरपर्यंत त्या राज्याच्या कायद्याच्या दृष्टीने तिचे हे कृत्य निषिद्ध व दंडास पात्र होते.

त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या आरोग्य खात्याचे नवे नियम प्रसिद्ध होऊन अमलात आले, आणि घरी भाजलेला साधा केकसुद्धा चरितार्थासाठी विकू न देणारे अमेरिकेतील अखेरचे राज्य ही त्याची ओळख पुसली गेली. घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ थेट खाणाऱ्याला विकण्याविषयी जे कायदे तेथे आहेत, त्यांना तिकडे ‘कॉटेज फूड’चे कायदे म्हणतात, ते राज्याराज्यांत निराळे आहेत, दर दोनचार वर्षांनी बदलत आहेत, आणि शासनाने माणसाच्या घासात कोठवर लक्ष घालावे या प्रश्नाला मिळालेली इतकी विविध उत्तरे एकाच देशात एकत्र पाहावयास मिळण्याची जागा दुसरी क्वचितच असेल.

मुळात ही मनाई आली कोठून? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेची शहरे वाढली, अन्न शेतापासून आणि चुलीपासून दूर गेले, आणि ज्याने ते तयार केले त्याचे तोंड पाहण्याची सोय खाणाऱ्याला उरली नाही. शिकागोच्या खाटीकखान्यांतील अमानुष अस्वच्छतेचे वर्णन अप्टन सिंक्लेअरने आपल्या कादंबरीत केले ते १९०६ साली. त्याच वर्षी ३० जून रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांसाची तपासणी आणि अन्न व औषधे यांची शुद्धता या विषयांवरील दोन कायद्यांवर सही केली. मात्र अमेरिकेची घटना अशी की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावर अंमल संघराज्याचा, आणि राज्याच्या हद्दीतल्या हद्दीत कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा खानावळीत जे विकले जाते त्याचा बंदोबस्त राज्याच्या व त्याखालील परगण्यांच्या हाती. या राज्यांना एक नमुना असावा म्हणून संघराज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ साली एक आदर्श अन्नसंहिता प्रसिद्ध केली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. खासगी घरात तयार झालेले अन्न खाद्यगृहात वापरू नये किंवा विक्रीस ठेवू नये असे या संहितेत एक कलम आहे. ज्या राज्यांनी ती स्वीकारली त्यांच्या दप्तरी त्याबरोबर घरच्या चुलीविषयीचा हा अविश्वासही दाखल झाला.

परंतु याच संहितेत एक अपवाद आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. एखाद्या धर्मसंस्थेच्या किंवा धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी जी विक्री होते, तीत घरी केलेले, बिघडण्याचे भय नसलेले पदार्थ ठेवण्यास हरकत नाही, असे ती म्हणते. म्हणजे एकच बाई, तिचे तेच भांडे, तीच भट्टी आणि तोच केक. रविवारी तो चर्चच्या मदतीसाठी विकला तर निर्दोष, आणि सोमवारी आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी विकला तर अपराध! केकमध्ये काही फरक पडलेला नसतो. पैसा कोणाच्या पदरात पडतो एवढेच काय ते बदललेले असते. आरोग्यरक्षणासाठी म्हणून केलेल्या नियमाने ज्या क्षणी पदार्थाकडे पाहण्याचे सोडून विकणाऱ्याच्या हेतूकडे पाहिले, त्या क्षणी त्याने आपला आधार गमावला असे मला वाटते.

याचा अर्थ भीती निराधार आहे असा मात्र मुळीच नव्हे. अन्न माणसाला मारू शकते, आणि ते मायेने केलेले असले म्हणून मारायचे थांबत नाही. २०१५ सालच्या एप्रिल महिन्यात ओहायो राज्यातील लँकेस्टर गावी एका चर्चच्या सहभोजनात जमलेल्या ७७ जणांपैकी २९ जणांना बोटुलिझम नावाची विषबाधा झाली आणि त्यांतील एकाचा अंत झाला. कारण निघाले ते बटाट्याच्या एका कोशिंबिरीत. तीतले बटाटे कोणी घरीच बरण्यांत भरून ठेवले होते, आणि त्या बरण्या दाबाच्या भांड्यात न उकडता साध्या उकळत्या पाण्यात उकडल्या होत्या. ज्या जंतूमुळे ही बाधा होते त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या १०० अंशांत जिवंत राहतात. ते नष्ट करायला दाब देऊन तपमान १२१ अंशांपर्यंत चढवावे लागते. बरणी घट्ट बंद झाली, आतला प्राणवायू संपला, पदार्थात आंबटपणा नाही आणि ओल भरपूर, अशी स्थिती मिळाली की हे बीजाणू जागे होतात आणि अत्यंत तीव्र विष तयार करतात. आणि त्या विषाची वर्दी देईल असा वास किंवा चव पुष्कळदा नसतेच.

या एका उदाहरणातच सुरक्षित आणि धोक्याचे अन्न वेगळे करणाऱ्या दोन रेषा दिसतात. पहिली रेषा पाण्याची. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूंना वापरता येण्याजोगे मोकळे पाणी किती हे महत्त्वाचे असते. शुद्ध पाण्याला १ मानून ते मोजतात, आणि हे माप ०.८५ च्या खाली गेले की रोगकारक जंतूंची वाढ होत नाही. साखर आणि मीठ पाण्याला जणू बांधून ठेवतात. म्हणून मुरांबा टिकतो, मध तर वर्षानुवर्षे टिकतो, आणि पाकातल्या रव्याच्या लाडूपेक्षा ओल्या नारळाची करंजी लवकर का विटते याचे उत्तरही येथेच मिळते. दुसरी रेषा आंबटपणाची. आम्लता मोजण्याच्या मापात, ज्यात आकडा जितका लहान तितका आंबटपणा अधिक, ४.६ हा आकडा अमेरिकेच्या अन्नकायद्यात पदोपदी भेटतो, कारण त्याच्या खाली बोटुलिझमचा जंतू वाढू शकत नाही. जो पदार्थ या दोन्ही रेषांच्या चुकीच्या बाजूला पडतो, म्हणजे ओलाही आहे आणि आंबटही नाही, तो ५ अंशांहून थंड किंवा ५७ अंशांहून गरम ठेवणे हाच काय तो उपाय. वरण, भात, खीर, उकडीचे मोदक, मांसाचा रस्सा ही सारी या तिसऱ्या गटातली मंडळी. आपल्या आज्यापणज्यांना ही मापे ठाऊक नव्हती, परंतु प्रवासाला दशमी आणि लाडू बांधून द्यावेत, वरणभात देऊ नये, हा त्यांचा विवेक नेमका याच रेषांवरून चालत होता.

लोणच्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. लिंबाचे लोणचे आपल्या अंगच्या आंबटपणाने राखले जाते आणि कैरीचेही बहुधा तसेच. पण गाजर, फ्लॉवर, हिरवी मिरची किंवा लसूण या भाज्या स्वभावतः आंबट नाहीत, आणि त्यांत लिंबाचा रस वा व्हिनेगर पुरेसे न घालता त्या केवळ तेलात बुडवल्या तर तेल हवेला अडवते आणि बोटुलिझमच्या जंतूला हवी तशी कोठडी त्याला आयती मिळते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे आणि १९८९ साली न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टन येथे तेलातल्या लसणीपासूनच ही बाधा झाली होती, आणि तेव्हापासून कारखान्यांनाही अशा मालात आम्ल घालण्याचे बंधन आले. तेल वर आले म्हणजे लोणचे सुरक्षित, ही आपली समजूत बुरशीपुरती खरी आहे. या जंतूच्या बाबतीत ती उलटी पडते, हे मी येथे मुद्दाम ठासून सांगतो. विस्कॉन्सिन राज्याने २०१० साली जो कायदा केला तो ‘पिकल बिल’ म्हणजे लोणच्याचे विधेयक म्हणूनच ओळखला जातो. घरी बरणीत भरलेली लोणची, मुरांबे यांसारखे पदार्थ, ज्यांची आम्लता ४.६ च्या मर्यादेत आहे तेवढेच, शेतकऱ्यांच्या बाजारात आणि गावच्या मेळाव्यांत वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत विनापरवाना विकण्याची मुभा त्याने दिली. मर्यादा तोकडी, परंतु विचार सरळ. कायद्याने घराकडे न पाहता बरणीच्या आत पाहिले.

त्याच विस्कॉन्सिनमध्ये भाजलेल्या बिस्किटांचे मात्र निराळेच चालले होते. लोणचे विकता येत होते, पण ज्यात जंतू वाढण्याइतके पाणीच नाही अशी कोरडी बिस्किटे घरून विकली तर १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा कायद्यात लिहिलेली होती. धर्मादाय संस्थांना वर्षातले बारा दिवस तीच बिस्किटे विकण्याची मोकळीक होती. २०१६ साली तीन शेतकरी स्त्रियांनी या मनाईविरुद्ध लाफिएट परगण्याच्या न्यायालयात दावा लावला आणि २०१७ साली न्यायाधीशांनी निवाडा दिला की, या मनाईचा सार्वजनिक आरोग्याशी खरा संबंध दिसत नाही आणि म्हणून ती घटनाबाह्य आहे. ज्या विवेकाची अपेक्षा विधिमंडळाकडून करायची तो न्यायालयाला दाखवावा लागला. न्यू जर्सीतही विधेयके आली आणि अडकली, २०१७ च्या डिसेंबरात घरी भाजणाऱ्यांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली, आणि पुढे चार वर्षांनी नियम बदलले. आज तेथे शंभर डॉलर भरून दोन वर्षांचा परवाना मिळतो, अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत ठेवावी लागते.

या कायद्यांची खरी लाट उसळली ती २००८ च्या आर्थिक मंदीनंतर. मिशिगन २०१०, टेक्सास व फ्लॉरिडा २०११, कॅलिफोर्निया २०१२, अशी ही मालिका आहे. कॅलिफोर्नियातला प्रसंग सांगण्याजोगा आहे. लॉस एंजेलिस शहरात आपल्या आवारातल्या विटांच्या भट्टीत पाव भाजून शेजारच्या दुकानांना देणाऱ्या एका गृहस्थाची २०११ साली वृत्तपत्राने कौतुकाने दखल घेतली, आणि ती वाचूनच की काय आरोग्य खात्याचे अंमलदार त्या दुकानांत येऊन ठेपले व ती विक्री बंद पडली. त्यावरून पेटलेल्या चर्चेतून घरगुती अन्नाचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१३ पासून तो लागू झाला. त्याने विक्रेत्यांचे दोन वर्ग केले. जो स्वतः खाणाऱ्याच्या हातात पदार्थ देतो त्याने स्वच्छतेच्या यादीवर आपण होऊन सही करावी. जो दुकानामार्फत विकतो त्याचे स्वयंपाकघर मात्र सरकारी तपासनिसाने पाहावे. हा भेद मला अतिशय समंजस वाटतो. समोरासमोरच्या व्यवहारात विचारणारे तोंड आणि उत्तर देणारे तोंड यांच्यामध्ये कोणी नसते, आणि मध्ये जितकी माणसे वाढतील तितकी सरकारच्या डोळ्यांची गरज वाढते.

पण या कायद्यात ‘डबा’ बसत नव्हता. पोळी, भाजी, वरण, भात हे तर त्या तिसऱ्या, तपमान राखण्याच्या गटातले; आणि परमुलखातल्या एकट्या विद्यार्थ्याला किंवा म्हाताऱ्या जोडप्याला गरज असते ती याचीच. त्यासाठी कॅलिफोर्नियाने २०१८ साली दुसरा कायदा केला, जो पुढल्या वर्षापासून लागू झाला आणि ज्याने घरच्या स्वयंपाकघराला लहानशा खानावळीचा दर्जा दिला. अट अशी की, तो आपल्याकडे लागू करायचा की नाही हे ज्या त्या परगण्याने ठरवावे. पहिला होकार रिव्हरसाइड परगण्याने २०१९ मध्ये दिला. मोठा लॉस एंजेलिस परगणा त्यानंतर पाच वर्षांनी आला. शिजवलेले त्याच दिवशी वाढले गेले पाहिजे, दिवसाला ३० आणि आठवड्याला ६० जेवणांहून अधिक करू नयेत, स्वयंपाकघराची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, अशी ही व्यवस्था होती. २०२४ पासून आठवड्याची मर्यादा ९० जेवणांवर आणि वार्षिक विक्रीची ५०,००० वरून १,००,००० डॉलरवर गेली. जो पदार्थ धोक्याचा आहे त्याला वेळेची, संख्येची आणि तपासणीची वेसण घालावी, पण त्याची वाट बंद करू नये, हे तत्त्व येथे दिसते, आणि मला माहीत असलेल्या राज्यांच्या कायद्यांत मी याला अग्रस्थान देईन.

टेक्सासने दुसऱ्या बाजूने हेच गाठले. तेथे २०११ चा पहिला कायदा काही नेमके पदार्थ फक्त आपल्या घरून विकू देई. २०१३ मध्ये बाजार व जत्रा खुल्या झाल्या, २०१९ मध्ये लोणची व आंबवलेल्या भाज्या आल्या. प्रत्येक वेळी यादीत चार नावे वाढायची आणि ज्या पदार्थाचे नावच विधिमंडळातील कोणी ऐकलेले नाही तो बाहेर राहायचा; आणि ज्या देशात जगातल्या प्रत्येक खंडातून माणसे येऊन राहिली आहेत तेथे अशा यादीत चिरोटा किंवा अनारसा कोण लिहिणार? २०२५ च्या १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या कायद्याने ही यादीच उलटी केली. आता मांस, मासे, आइस्क्रीम, आम्ल नसलेले डबाबंद पदार्थ, कच्चे दूध अशा ठरावीक गोष्टी सोडून बाकी सर्वांना मोकळीक आहे. तपमान राखावे लागणारे पदार्थ विकायचे असतील तर नोंदणी करावी लागते. आणि विक्रीची मर्यादा ५०,००० वरून १,५०,००० डॉलर झाली आहे. काय चालेल हे सांगण्याऐवजी काय चालणार नाही हे सांगणारा कायदा परक्या स्वयंपाकाला अधिक न्याय देतो.

ॲरिझोना राज्यात हाच झगडा तमालेवरून झाला. मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेला हा पदार्थ मेक्सिकन घरांत सणावाराला होतो. कोकणात हळदीच्या पानात पातोळ्या होतात त्याच्याशी त्याचे नाते कोणाच्याही लक्षात येईल. वाफवलेला, ओला आणि बहुधा मांस भरलेला असल्यामुळे तो जुन्या नियमांत बसत नव्हता, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या रस्त्यावर विकला जात होता. २०२३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपाल केटी हॉब्स यांनी रोगराईच्या भीतीने परत पाठवले. २०२४ मध्ये सुधारलेल्या विधेयकावर त्यांनीच सही केली. जे लपून चालते त्याला नियमात आणणे हे त्याला नाकारण्यापेक्षा आरोग्याला अधिक हितकर, ही गोष्ट वर्षभराच्या वादातून पटली असावी.

सर्वांत धाडसी पाऊल टाकले ते वायोमिंगने. २०१५ च्या त्याच्या कायद्यानुसार उत्पादक आणि सर्व जाणून घेणारा अंतिम ग्राहक यांच्यात घरी खाण्यासाठी होणाऱ्या विक्रीला परवाना नको, तपासणी नको, चिठ्ठीही नको. नॉर्थ डकोटाने २०१७ मध्ये व यूटाने २०१८ मध्ये हीच वाट धरली. नॉर्थ डकोटातील आरोग्य खात्याने नंतर नियम करून ही मोकळीक आखडण्याचा प्रयत्न केला, तो २०२० च्या अखेरीस न्यायालयाने रद्द ठरवला. मेन राज्यात तर चळवळ खालून वर आली. २०११ साली सेजविक नावाच्या लहानशा गावाने आपल्या ग्रामसभेत ठराव करून आपल्या हद्दीत शेजाऱ्याने शेजाऱ्याला अन्न विकण्यास सरकारी परवान्याची गरज नाही असे जाहीर केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा ठराव परवान्याविना दूध विकणाऱ्या शेतकऱ्याच्या कामी येत नाही असे म्हटले. २०१७ मध्ये विधिमंडळाने गावांचा हा अधिकार मान्य केला, आणि संघराज्याच्या कृषिखात्याने मांसतपासणीवरून इशारा देताच त्याच शरदात खास अधिवेशन भरवून मांस व कोंबड्या त्यातून वगळल्या. २०२१ मध्ये मेनच्या मतदारांनी अन्नाचा हक्क आपल्या राज्यघटनेतच लिहिला.

या मोकळिकीबद्दल मला आदर आहे, परंतु कच्च्या दुधापाशी माझे मन अडते. आपल्याकडे दूध घरात आले की पहिले काम ते उतू जाईपर्यंत तापवण्याचे. तिकडे ‘रॉ मिल्क’ म्हणजे न तापवता तसेच प्यायचे दूध, आणि त्याचे चाहते ते तसेच मुलांना देतात. दुधात पाणी भरपूर, आम्ल नाही, आणि गोठ्यातून पेल्यापर्यंत जंतू मारणारी एकही पायरी नाही. सज्ञान माणसाने जाणूनबुजून धोका पत्करला तर तो त्याचा अधिकार मानता येईल. पण दोन वर्षांच्या मुलाने काय जाणले? राज्याराज्यांमधील कच्च्या दुधाची विक्री संघराज्याने १९८७ पासून बंद केली आहे, आणि मला ती बंदी योग्य वाटते.

जेथे तपासणी नाही तेथे तिची जागा बहुतेक राज्यांत एका वाक्याने घेतली आहे. हे अन्न घरच्या स्वयंपाकघरात झाले असून त्या घराची सरकारी तपासणी झालेली नाही, अशा आशयाचे वाक्य डब्यावर छापावे लागते. त्याबरोबर करणाऱ्याची ओळख, घटक आणि ॲलर्जीचे घटक. या शेवटच्या बाबीकडे आपल्या लोकांनी फार लक्ष द्यावे. दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन ही आठ नावे २००४ च्या कायद्याने ठरवली होती. १ जानेवारी २०२३ पासून त्यांत नववे नाव तिळाचे आले. आपल्या चिवड्यात शेंगदाणे असतात, चकलीत तीळ, शंकरपाळ्यात गहू व दूध, आणि हे इतके गृहीत असते की लिहिण्याचे सुचत नाही. परंतु ज्याला शेंगदाण्याच्या एका दाण्याने श्वास कोंडतो त्याच्या दृष्टीने त्या चिठ्ठीवरचा तो एक शब्द सरकारी तपासनिसाच्या दहा फेऱ्यांपेक्षा मोलाचा आहे.

विक्रीच्या मर्यादांविषयी मात्र माझे मत अनुकूल नाही. फ्लॉरिडाने १५,००० डॉलरपासून सुरुवात करून २०१७ मध्ये ५०,००० आणि २०२१ मध्ये २,५०,००० डॉलर केले. मिनेसोटात ५,००० चे १८,००० आणि पुढे ७८,००० झाले. आकडे असे सरकतात याचाच अर्थ ते आरोग्यशास्त्रातून आलेले नाहीत. सुरक्षित लाडू शंभर विकले तरी सुरक्षितच, आणि बाधित बरणी एकच विकली तरी घातक.

आणखी एक भिंत आहे ती राज्याच्या सीमेची. आपल्या राज्यातली मुभा आपल्या राज्यापुरती. माल दुसऱ्या राज्यात गेला की संघराज्याचा कायदा लागू होतो आणि बहुतेक घरगुती परवाने तेथेच संपतात. जर्सी सिटीतून हडसन नदीपलीकडचे मॅनहॅटन दिसते, आगगाडीने काही मिनिटांत तेथे जाता येते, पण न्यू जर्सीच्या परवान्यावर केलेला डबा पलीकडच्या ग्राहकाला विकता येत नाही. भारतातील वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि त्याखालील २०११ च्या विनियमांनी सबंध देशाला एकच चौकट दिली. वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीच्या लहान उत्पादकाला, मग तो घरीच का करीना, वर्षाला शंभर रुपये भरून नोंदणी आणि चौदा आकडी क्रमांक, असे तिचे स्वरूप ठेवले गेले. आपल्याकडे घरच्या हातांनी केलेल्या अन्नाकडे पाहण्याची दृष्टीही निराळी होती. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या कर्जाऊ भांडवलावर लाटलेल्या पापडांतून लिज्जतची संस्था उभी राहिली.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरून फराळ, लोणची वा डबे देणाऱ्या माझ्या वाचकांना, आणि विशेषतः त्यांच्या घरच्या काकू-मावश्यांना, माझी कळकळीची विनंती आहे. पहिली मागणी घेण्याआधी आपल्या राज्याच्या कृषी किंवा आरोग्य खात्याचे नियम स्वतः वाचा, कारण शेजारच्या राज्यातील मैत्रिणीला जे चालते ते तुम्हाला चालेलच असे नाही. लसणीचे किंवा मिरचीचे लोणचे विकायचे असेल तर त्याची आम्लता मोजून घ्या. उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या यांचा परवाना वेगळा लागतो का ते विचारा. आणि संक्रांतीला तिळगुळाचा डबा कोणाच्या हाती देण्यापूर्वी त्यावर ‘तीळ’ हा शब्द, खाणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत, ठळक लिहा.